ठराव क्रमांक चार

आईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी एकच औषध सांगितलं होतं: रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालायचं. त्यासाठी आम्ही पोहण्याच्या क्लबचे सभासद झालो. तीन महिन्यांत ती जिना एकटी उतरायला लागली. मग मार्चमध्ये फाटकावर कागद लागला, 'कार्यकारी मंडळाच्या ठरावानुसार सकाळची वेळ बंद.' कारण नाही, मुदत नाही. एप्रिल संपेपर्यंत आई पुन्हा माझा हात धरून जिना उतरू लागली.

मी चिटणिसांना भेटलो. गृहस्थ अत्यंत सज्जन. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

"बंद का केलं?"

"ते इतिवृत्तात आहे."

"मग इतिवृत्त बघू द्या."

"अजून कायम झालेलं नाही. पुढच्या सभेत होईल."

सभेनंतर गेलो. इतिवृत्त कायम झालं होतं, पण आता अर्ज हवा होता. कारणाच्या रकान्यात मी 'वाचण्यासाठी' असं लिहिलं. ते त्यांना अपुरं वाटलं. "असं कसं साहेब, उद्या कुणीही येऊन वाचत बसेल." दुसऱ्या अर्जात 'आईच्या गुडघ्यांसाठी' असं लिहिलं. सदर गुडघे सभासदाचेच आहेत ना, हे तपासण्यात तीन आठवडे गेले. तिसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली उपाध्यक्षांकडे होती आणि उपाध्यक्ष मुलीकडे गेले होते.

"मी येते," आई म्हणाली. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही. लहानपणी शेजाऱ्यांकडे गेलेला चेंडू मागायलाही मलाच पाठवायचास."

ऑफिसात शिरून ती थेट चिटणिसांच्या खुर्चीत बसली.

"आजी, जरा उठता का? मला काम आहे."

"उठले असते रे बाबा, पण गुडघा आखडलाय. तासभर तरी लागेल. तोवर काहीतरी वाचायला द्या."

किल्ली त्यांच्याच खणात निघाली.

आईनं तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात सभांची इतिवृत्तं लिहिली होती. तिनं चष्मा लावला आणि रजिस्टर शेवटच्या पानापासून उलटं वाचायला घेतलं.

"अध्यक्षांचे सासरे कधी गेले हो?"

"मार्चमध्ये. फार भला माणूस."

"जूनमध्येही गेलेत. मेमध्ये आणि एप्रिलमध्येसुद्धा. दरवेळी दोन मिनिटं उभे राहता?"

चिटणिसांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. त्यांची पद्धत साधी होती. मागच्या महिन्याचं इतिवृत्त कॉम्प्युटरवर उघडायचं, तारीख बदलायची, नवं काही घडलं असेल तर खाली जोडायचं. जुनं पुसायचं नाही, न जाणो लागलं तर. सभेत ते 'वाचले असे समजून' कायम व्हायचं, कारण वाचत बसलं तर चहा गार होतो.

ठराव क्रमांक चार होता, 'पंपाच्या दुरुस्तीसाठी चालू महिन्यात सकाळची वेळ बंद ठेवावी.' मार्चपासून जूनपर्यंत, प्रत्येक महिना चालूच.

"पंप कधी दुरुस्त झाला?" मी विचारलं.

"मार्चमध्येच. पंधरा दिवसांत."

"मग उघडा की."

"असं कसं, साहेब? ठराव आहे. तो बदलायचा तर विषयपत्रिकेवर घ्यावा लागेल, त्याला उपाध्यक्षांची..."

माझा आवाज चढणार, एवढ्यात आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"या रविवारच्या सभेचं इतिवृत्त लिहून झालंय?" तिनं विचारलं.

सभा व्हायला चार दिवस होते. चिटणीस खाली बघून म्हणाले, "तयार आहे."

"मग त्यातला चार नंबर पुसा. माझ्यासमोर."

त्यांनी पुसला. आईचा गुडघा लगेच मोकळा झाला.

रविवारी सभा झाली, म्हणजे चहा झाला. सोमवारी पहारेकऱ्याच्या हातात महिन्याच्या ठरावांचा कागद पडला. त्यात बंदी दिसेना, म्हणून त्यानं फाटक उघडलं. कुणी काही विचारलं नाही. आई कठडा धरून पायऱ्या उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात चालायला लागली.

मी बाहेर तिची चप्पल घेऊन उभा राहिलो. शेजारी चिटणीस सूचनाफलकावर दुखवट्याच्या ठरावाचा कागद टाचत होते. अध्यक्षांचे सासरे जुलैमध्येही गेले होते. आईनं फक्त चार नंबरच पुसायला सांगितला होता.