कृपया संख्या टाका

सल्लागार बाईंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुसऱ्या कॉलेजांतून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना संगणक विभागात मदत करायची, ही त्यांची नोकरी. नाव सल्लागार, पण दिवस जायचा डोळे पुसण्यात. विभागातले बाकीचे तर या मुलांना मागच्या दाराने शिरलेलीच समजत. आता त्यांच्याशी कोण डोकं लावणार?

समोर ताई बसली होती. वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून ती शिकायला आली होती. तिच्या हातात नाव काढून घेण्याचा अर्ज होता आणि आज त्याची शेवटची तारीख होती.

"चारही असाइनमेंटला शून्य, बाई. आधीच्या कॉलेजात मी पहिली यायचे हो. काल लेकीला सांगून टाकलं, आईला नाही जमत."

बाईंनी सहीसाठी पेन उचललं. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. पाया कच्चा राहतो, वाईट वाटून घेऊ नकोस. पण शून्य? पाया कच्चा असला तरी तीन-चार गुण पडतातच की. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"थांब जरा. लॅपटॉप उघड आणि चालवून दाखव मला."

पडद्यावर अक्षरं उमटली. नमस्कार. कृपया पहिली संख्या टाका. मग दुसरी टाका. उत्तर आलं, आणि ते अगदी बरोबर होतं.

"अगं, हे नमस्कार-चमत्कार कशाला?"

"समोरच्याला कळायला नको का, काय टाकायचं ते? आमचे सर शेजारी बसून बघायचे. प्रोग्रामने नीट विचारलं नाही तर रागवायचे."

बाईंनी कपाळाला हात लावला. इथे शेजारी बसतो कोण? इथे यंत्र तपासतं. त्याला नुसतं उत्तर हवं; एक अक्षर जास्त आलं की शून्य. हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सांगतात, आणि तेव्हा ताई इथे नव्हती. त्यांनी तिला त्या ओळी काढायला लावल्या आणि सरावाच्या खात्यातून काम पुन्हा तपासायला टाकलं. पैकीच्या पैकी.

ताई हसली नाही. "दोन महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाईंनी त्या विषयाच्या प्राध्यापकांना फोन लावला.

"नियम सगळ्यांना सांगितलेला असतो, बाई."

"ज्यांना सांगितलात, त्यांत ही नव्हती, सर."

"बरं. बाहेरून आलेल्यांना सगळं पुन्हा जमा करू द्या. ज्यांचं नाव वर्गात आहे त्यांनाच मात्र."

ताईने अर्ज फाडला, डोळे पुसले आणि ती निघाली. दारात थबकली.

"बाई, आमच्यातला तो चष्मेवाला आज दिसला नाही. त्यालाही कळवू ना?"

चष्मेवाल्याच्या अर्जावर बाईंनी सकाळीच सही करून तो खालच्या कार्यालयात पाठवला होता. पाया कच्चा राहतो, असं समजावून, पाठीवर हात ठेवून.

"तोही असंच लिहायचा का गं?"

"तो? तो तर शेवटी धन्यवादसुद्धा म्हणायचा."

ठणकतं डोकं तसंच घेऊन बाई उठल्या आणि खालच्या कार्यालयाकडे जिना उतरू लागल्या, जमेल तेवढ्या घाईने.