पुरं तिकीट

आमच्या अंगदनानाचं तोंड एकदा सुरू झालं की बंद होत न्हाई. "म्हातारीला काय दिसणार हाय समुद्र? तिला समुद्र काय आन पाझर तलाव काय, सारखंच!" आज्जी आत भाकरी थापत हुती आन हा ओट्यावर बसून मोठ्यांदा बोलत हुता. डोळे गेले की कान बी जातात, असं वाटतं का काय लोकांना? माझं टाळकंच सरकलं.

नाना माझा चुलता. मी निकिता, कर्जतजवळच्या वस्तीवरची. माझा छोटा हत्ती टेम्पो हाय, लिंबं भरून काष्टीच्या बाजाराला नेते. आन झुंबरबाई माझी आज्जी. उभा जन्म तिनं ऊस तोडला. काचबिंदूनं उजवा डोळा पार गेलाय, डाव्यानं नळीतून बघितल्यागत मधलं तेवढंच दिसतं. नगरचा डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगाया लागला. मी म्हटलं, डोळा जिचा तिच्यासमोर सांगा. मग त्यानं सांगितलं, पावसाळ्यापत्तूर टिकला तर टिकला. आज्जी एवढंच म्हणाली, "मग समुद्र बघायचा राहिला की माझा." आन नाना म्हणतोय, दिवाळीला नेऊ. दिवाळीला!

सोमवारी सकाळी मी लिंबाचे क्रेट उतरवले. मागं गोधड्या, पाण्याचा जार आन चटणी-भाकरीचं गठुडं टाकलं, आज्जीला केबिनमधी बसवलं. नाना टेम्पोला आडवा आला. आज्जीनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "अंगद, सर बाजूला. टेम्पो मी चालवत असते तर म्हनले असते, दिसलाच न्हाईस." नाना सरला.

ताम्हिणीचा घाट उतरून दिवेआगरला पोचलो तवा दिवस कलला हुता. मी टेम्पो आज्जीची खिडकी पाण्याकडं येईल असा लावला. आज्जीनं ह्या टोकापासून त्या टोकापत्तूर मान फिरवली. मग म्हणाली, "ह्याचा बांध कुठं गं?"

"समुद्राला बांध नसतो, आज्जे."

"अगं बया! मग भांडायचं कुनाशी?"

मी हसले, ती न्हाई हसली. तिला एकदम सगळं बघता येईना. मान इकडं नेली की तिकडचं जाई. डोळा चोळून चोळून वैतागली, आन मग तिनं तिची रीत काढली. ऊस तोडताना एक सरी पुरी केल्याबिगर माणूस दुसरीत शिरत न्हाई. तसं ती काठापासून सरळ आभाळापत्तूर बघायची, अगदी सावकाश. मग म्हणायची, "झाली. घे पुढं." मी टेम्पो जरासा पुढं घ्यायची, की दुसरी सरी सुरू. असं करत किनाऱ्याच्या रस्त्यानं दोन दिवसांत आमी एवढंसं अंतर कापलं. मागनं गाड्यावाले हॉर्न वाजवायचे. आज्जी खिडकीतून हात काढून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला लई मजा आली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी वाटेत खाडी आली. रस्ता तिथं संपतो, गाड्या फेरीबोटीत घालून पल्याड न्यायच्या. तवर आज्जीचा डोळा लालभडक झाला हुता, पदरानं सारखं पाणी टिपत हुती. त्यात सकाळपासून नानाचे सात फोन. मी कच खाल्ली. म्हटलं, "आज्जे, बघितलास की समुद्र. जाऊ माघारी?"

"तू बी त्यातलीच का?" एवढंच म्हणाली आन तोंड फिरवलं. चापट बसली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात तिकीटवाला खिडकीशी आला. "टेम्पोचं एक, ताई तुमचं एक, आजीचं अर्धं." बिचारा, सवलत द्यायला आला हुता.

"अर्धं कुनाला म्हनतो रं?" आज्जी कडाडली. तो दोन पावलं मागंच गेला.

त्याला काय ठावं! ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आजोबा गेले तवा आज्जी तेहतीस वर्षांची हुती. त्या दिवसापासून मुकादमाच्या तोंडी ती अर्धा कोयता. झुंबरबाई न्हाई, अर्धा कोयता. 'ए अर्धा कोयता, हिकडं ये.' एकटीनं जोडीएवढा ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, गाडी भरायची, तरी अठरा हंगाम अर्धीच.

"पुरं फाड," आज्जी म्हणाली. "मी पुरी हाय." त्यानं मुकाट्यानं फाडलं. मला माझीच लाज वाटली. कुणाला काही न विचारता मी टेम्पो फेरीत चढवला.

फेरी सुटली. आज्जी खाली उतरली आन कठडा धरून समुद्राच्या अंगाला तोंड करून हुबी राहिली. परत नानाचा फोन. ह्या खेपेला तिनंच हात पुढं केला, मी स्पीकर लावून मोबाईल दिला.

"आई, लोक हसत्यात आपल्याला. दिसत न्हाई तर हिंडती कशाला?"

"ऐक," आज्जी म्हणाली. "काल सतरा होड्या बघितल्या. एकीचं शीड फाटकं हुतं. काठाला पानी मातकट असतंय, आत हिरवं, त्याच्या आत निळं. वाळूत खेकडा तिरका पळतो, तो बी बघितला. ही नळीएवढ्या डोळ्याची कमाई. तुला दोन धडधाकट डोळे हायेत, अंगद. पन्नाशीला आलास. तू काय बघितलंस रं?"

मी म्हटलं, आता नाना खवळणार. पण नाना बोलला, हळूच, लेकरासारखा. "आई, पानी खरंच हिरवं असतंय?"

आज्जीनं पदरानं डोळा टिपला. पण बोलली खणखणीत, "येऊन बघ. आमी काय माघारी येत न्हाई."

आन फोन कापायला तिनं बोट लावलं. तिला तांबडं बटण काही घावंना. तीनदा चाचपलं, मग मीच दाबलं.