काचेतली खाडी

“मड्डम, त्या पेटीतले मासे तुम्ही खाल्ले काय?”

सुझानानं हे चक्क इंग्रजीत विचारलं. तेसुद्धा बंगल्याच्या पायरीवर ताठ उभं राहून, दोन्ही हात मागं धरून, शाळेत धडा म्हणून दाखवतात तसं. फाटकाबाहेर मेंदीच्या कुंपणाआड स्टेला आणि ॲनी तोंडं दाबून वाकल्या होत्या. पैज त्यांचीच होती.

कोपरीच्या बांधावरचा हा बंगला रेल्वेच्या इंजिनेरसाहेबाचा. त्याच्या व्हरांड्यात एक भलीमोठी काचेची पेटी होती, लोखंडी चौकटीची, खाली काळ्या दगडाची फरशी, आणि लांबीला इतकी की आत एखादं पोर सहज आडवं झोपावं. आत तांबडे-सोनेरी मासे फिरायचे. शाळेला जाताना तिघी रोज कुंपणाला नाक लावून बघायच्या. पण आठवडाभर पेटी रिकामी दिसत होती, आणि व्हरांड्यात पेटारे, खोकी, दोरखंड यांचा नुसता पसारा पडला होता. साहेबाचं बस्तान विलायतेला हलत होतं.

“खाल्लेच असणार,” ॲनी म्हणाली होती. “एवढ्या लांब बोटीतून मासे कोण नेतंय?”

“मग विचार ना, सुझाना,” स्टेलानं डिवचलं. “त्या दिवशी इन्स्पेक्टरपुढं इंग्रजी वाचलंस तर नाक केवढं वर गेलंय तुझं! आता मड्डमपुढं बोलून दाखव.”

खरंच, महिन्याभरापूर्वी इन्स्पेक्टरसाहेबापुढं सगळ्या वर्गाची बोबडी वळली असताना एकट्या सुझानानं धडा न अडखळता वाचला होता. तेव्हापासून स्वारीला वाटत होतं, आपण कुणाशीही काहीही बोलू शकतो. आणि गंमत अशी की तेव्हापासून ती खरंच बोलत होती.

मड्डमनं चष्मा काढला. दाराशी उभा असलेला बटलर लिओ पांढराफटक पडला. मग मड्डम इतकी हसली, इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. मासे तिनं भायखळ्याच्या एका मैत्रिणीकडे पाठवले होते, म्हणे. आता पेटीच तेवढी राहिली. पावसाआधीची बोट धरायची होती आणि त्याआधी पेटी विकायची होती.

“तुला हवी आहे का?” मड्डमनं विचारलं.

सुझाना गेली होती मासे कुठं गेले ते विचारायला, आणि परत आली पेटीचा भाव घेऊन.

घरी ओटीवर बा जाळं विणत बसला होता. दुमिंग त्याचं नाव. थोडी भातशेती आणि खाडीत एक होडी, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. आय मागच्या पडवीत मासळी साफ करत होती. सुझानानं दारातूनच सगळं एका दमात सांगितलं. बाच्या हातातली सुई थांबली.

“काचेची पेटी? आणि तिच्यात करायचं काय?”

“मासे ठेवायचे, बा. जिते.”

“आपल्या घरात?” बा मोठ्यानं हसला आणि त्यानं पडवीतल्या आयला हाक मारली. “अगो नाताल, ऐकलंस काय? आपण जन्मभर खाडीतून मासे काढतोय, आणि पोर सांगते परत पाण्यात टाका.”

“तसं नाय ओ,” सुझाना त्याच्यासमोर उकिडवी बसली. “बा, तू मासा कधी बाजूनं पाहिलायस? पोवताना? तू होडीतून वाकून बघतोस ती त्याची पाठ. नाय तर जाळ्यात तडफडताना बघतोस. आय तर पाटीतच बघते. मी मड्डमच्या पेटीत बघितलं. मासा समोरून येतो ना, तेव्हा त्याला तोंड असतं. माणसासारखं. म्हणजे माणसासारखं नाय, पण... चेहरा असतो!”

बा हसत परत विणू लागला. भावाचा आकडा ऐकल्यावर मात्र त्यानं जाळं बाजूला ठेवलं.

“हे बघ सुझू. तुझ्या लुगड्याला जेवढे काढून ठेवलेत, तेवढेच हे. दोन्ही व्हायचं नाय.”

आता लुगडं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सुझानाला चौदावं लागलं होतं. यंदा देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सणाला तिचं पहिलं लुगडं, तांबडं, रुंद काठाचं. ते नेसलेल्या मुली मिरवणुकीत पुढं, मोठ्या बायांबरोबर चालतात. झग्यातल्या मुली मागं, शेंबड्या पोरांच्या घोळक्यात. स्टेलाचं लुगडं आणूनही झालं होतं. ॲनीचं येणार होतं. तिघींनी कुठं चालायचं, कोणी कोणाच्या उजवीकडे, हेसुद्धा ठरलं होतं.

“आणि ठरवणार कोण?” आय पडवीतून म्हणाली.

बानं थोडा विचार केला. “ती मड्डमला इंग्रजीतून भाव विचारून आली. मग तीच ठरवू दे. मागनं मात्र रडायचं नाय, सांगून ठेवतो.”

सुझानाला आजवर कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं. आनंदानं उडी मारावी की घाबरावं, तिला कळेना. तिनं दोन्ही केलं.

रविवारी देवळातली मिसाची प्रार्थना झाल्यावर आय, बा, मैत्रिणी अशी सगळी वरात बंगल्यावर गेली. सुझानाचं म्हणणं असं की आय मडकंसुद्धा टिचकी मारून, पाणी भरून मगच घेते. मग एवढी मोठी पेटी कोरडी कशी घ्यायची? हे तिनं मड्डमला सांगितलं. मड्डम म्हणाली, जरूर भरून बघा. लिओ बटलरनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. स्टेशनाजवळच्या एका दुकानदारालाही पेटी हवी होती आणि तो काही पाणी भरून बघणारा नव्हता.

“संध्याकाळपर्यंत सांगा,” लिओ म्हणाला. “आणि व्हरांडा पुसून द्यायचा.”

बांधाखालीच खाडी होती आणि भरतीची वेळ होती. बानं होडीतून एका टोपात चार बोई आणि मूठभर कोळंबी जिती आणली होती. तिघी मैत्रिणी हंडे घेऊन खाली-वर करू लागल्या. पहिल्या दोन खेपांना गाणी झाली. पुढच्या दोन खेपांना भांडण झालं. मग कुणीच बोलेना.

“हिला किती तहान लागलीय!” ॲनी धापा टाकत म्हणाली. पेटी अर्धीही भरली नव्हती.

“सुझाना, तुझ्या घरी ही रोज भरायची?” स्टेलानं हंडा आपटला. “लुगडं घे गो बाई. ते एकदाच नेसायला जड जातं.”

शेवटी बानं आणि लिओनं हात लावला तेव्हा कुठं पेटी काठाखाली चार बोटांपर्यंत भरली. आणि मग सगळे बघतच राहिले, कारण बघण्यासारखं काहीच नव्हतं. खाडीचं पाणी ते! पेटीत दूध घातलेला चहा भरावा तसं दिसत होतं. बानं मासे सोडले, ते टुबुक टुबुक करून त्यात नाहीसे झाले.

“छान दिसतात,” स्टेला गंभीरपणे म्हणाली. “चेहरे तर फारच छान.”

मड्डम आत वळली, ती रुमालात हसत होती. सुझानाचे कान तापले. त्यात आणखी एक झालं. टप. मग परत टप. डाव्या कोपऱ्यातून फरशीवर पाणी गळत होतं.

“गळते,” लिओ म्हणाला. “आठवडाभर कोरडी राहिली ना, काचेच्या सांध्यातली लांबी सुकली.”

“अरे, काही नाय होत,” बा मोठ्या भरवशानं म्हणाला. “पावसाळाभर होडी वर ओढून ठेवली की तीपण पहिल्या दिवशी गळतेच की. दोन दिवस पाण्यात राहू दे. फुगंल आणि बंद होईल.”

आयनं त्याच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं.

“अवो,” ती म्हणाली, “काच फुगते काय?”

लिओसकट सगळे हसत सुटले. बा स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसला, डोळे पुसू लागला. “बरं, नाय फुगत. राळ लावून बघू. पण खात्री नाय देत, सुझू. आणि दुसरं आताच सांगतो. खारं पाणी हे लोखंड खाणार. खरवडत, रंगवत बसावं लागेल.”

“म्हणजे गळकी, गंजणारी आणि तहानलेली,” ॲनीनं हिशेब केला.

सुझानानं गळणाऱ्या कोपऱ्याखाली एक तपेली सरकवली आणि पेटीसमोर मांडी घालून बसली. मनातल्या मनात तिनं लुगडं नेसून पाहिलं. काठ चांगला रुंद होता. ती स्टेलाच्या उजवीकडे चालत होती, बाया तिच्याकडे वळून बघत होत्या. फार छान वाटलं. खोटं कशाला बोला, फारच छान वाटलं.

मैत्रिणी चिंचा खायला बांधावर गेल्या. गाळ हळूहळू खाली बसत होता. आधी वरचं बोटभर पाणी निवळलं, मग वीतभर. वरून खाली एखादा पडदा उतरत जावा तसं. आणि त्या निवळलेल्या पाण्यात कुठूनशी एक बोई आली, काचेला नाक टेकवून थांबली.

“आय,” सुझाना हलक्या आवाजात म्हणाली. “बा. या.”

दोघं येऊन तिच्या दोन बाजूंना बसली. बोई तोंडाची उघडमीट करत होती, डोळ्याभोवती सोन्याची बारीक कडी होती. अंगावरचं एकेक खवलं वेगळं दिसत होतं. ती वळली तेव्हा रुप्याचं ताट उन्हात धरावं तशी चमकली. तिच्या मागून दुसरी आली, मग उरलेल्या दोघी, आणि चौघी एका दिशेला तोंडं करून उभ्या राहिल्या, जणू कुणी रांग लावली होती.

बा पुढं सरकला. त्याचं नाक काचेला लागलं, तिकडून बोईचं. या माणसानं जन्मात किती बोई पकडल्या असतील, देव जाणे.

“कान बघ, कान कसे हलवते,” आय कुजबुजली. “मी कापते तेव्हा ते नुसते चिकटलेले असतात.”

“कान नाय, कल्ले ते.”

“मला शिकवा आता! आणि ती बघा, कोळंबी. बघा, पुढं चालते ती. मी लग्न झाल्यापासून सांगते, पुढं चालते.”

“उलटीच पोवते,” बा काचेवरून नाक न काढता म्हणाला. “सगळ्या खाडीला ठाऊक आहे.”

“डोळे आहेत ना? चालतेय बघा, एकेक पाय टाकून, देवळात बाया जातात तशी!”

तेवढ्यात एक बोई खाली उतरली आणि कोळंबी फटकन् मागं उडाली, थेट पलीकडच्या कोपऱ्यात.

“बघ! उलटी!”

“ती घाबरली म्हणून! आधी चालत होती ती सरळच!”

“म्हणजे दोन्ही करते,” बा म्हणाला, आणि मग स्वतःशीच परत म्हणाला, “च्यायला, दोन्ही करते.”

सुझाना पेटीकडे बघायची थांबली होती. ती या दोघांकडे बघत होती. आयच्या हाताला सकाळच्या मासळीचा वास होता. बाच्या दाढीला चिखल लागला होता. दोघं एका कोळंबीवरून लहान पोरांसारखी भांडत होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. बांधावरची उन्हं उतरली. ॲनी-स्टेला चिंचा संपवून आल्या आणि “बघू, बघू” करत घुसल्या. मड्डमसुद्धा आपली खुर्ची ओढून जवळ बसली. तपेलीत टप टप चालूच होतं, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

लिओ दिवा घेऊन आला आणि खाकरला. “मड्डम विचारतात, काय ठरलं? त्या दुकानदाराचा माणूस फाटकात उभा आहे.”

बा भानावर आला. उठता उठता त्यानं गुडघे चोळले, आणि त्याला लुगडं आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम बापाचा झाला.

“सुझू, माझ्याकडे बघून ठरवू नको हां,” तो म्हणाला. “मी आज बघितली, मला पुष्कळ झालं. ही गळते. गंजणार. पाणी तुला भरायला लागेल, आय भरणार नाय. आणि सणाला स्टेला पुढं, तू झग्यात मागं. चालेल? नीट विचार कर.”

“तिथं पोरं झगे ओढतात,” स्टेलानं आठवण करून दिली. पण या वेळी ती चिडवत नव्हती.

सुझाना उभी राहिली. झगा झटकला. इन्स्पेक्टरपुढं उभी होती तशीच ताठ, पण हात मागं बांधायचं तिला सुचलंच नाही. एक हात आयच्या खांद्यावर होता.

“आय, बा, ऐका,” ती म्हणाली. “पेटी घ्यायची. गळकी आहे हे मला दिसतंय, आणि पाणी मी भरीन, शाळेच्या आधी. लोखंड मी खरवडीन. बा राळ लावेल. लुगडं पुढच्या सणाला, नाय तर त्याच्या पुढच्या. मिरवणुकीत मी मागं पोरांबरोबर चालेन, आणि जो झगा ओढील त्याला बघून घेईन. ठेवायची ओटीवर, खिडकीजवळ, म्हणजे तुम्हां दोघांना जेवताना दिसेल. ठरलं. माझं ठरलं.”