पाण्यात गेलेला रस्ता

"हे नक्की काय आहे? उंदीर की डुक्कर?" नॅथॅनिएलने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला टेकेल इतका तो चित्राजवळ वाकला.

"वॉम्बॅट," सियोन म्हणाला. "दिवसा बिळात झोपतो, ऊन उतरलं की चरायला निघतो. गवत खातो बिचारा. कुणाच्या वाटेला जात नाही."

"तुला बरं माहीत!"

"ऑर्ली सांगते ना फोनवर."

लंडनच्या ईलिंगमधली ती लहानशी गॅलरी त्या संध्याकाळी माणसांनी भरून गेली होती. भिंतींवर ऑर्लीची रंगीत एचिंग्ज होती. तांब्याच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेषा खोदायच्या, त्यांत शाई भरायची आणि प्रेसखाली घालून ती कागदावर उतरवायची, एवढं सियोनला आता ठाऊक झालं होतं. काळे काकाकुवे, शेपटीवर तोललेलं कांगारू, साल सोलून गुलाबी पडलेली युकॅलिप्टसची खोडं. दारात पाटी होती: ऑर्ली किहिमकर, ऑस्ट्रेलियन प्रिंटमेकर. 'ऑस्ट्रेलियन' हा शब्द सियोनने दोनदा वाचला. पोरगी साउथहॅम्प्टनमध्ये जन्मली, तिथल्याच शाळेत गेली, बाप, म्हणजे तो स्वतः, तिथे तीस वर्षं बस चालवत होता. आणि ती ऑस्ट्रेलियन. खोटं काही नव्हतं त्यात. सव्विसाव्या वर्षी पाठीला पिशवी लावून सहा महिने फिरायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऑर्ली कुणाशी तरी बोलत होती. केस पांढरे व्हायला लागले होते. मान तिरकी करून ऐकायची सवय मात्र थेट आईची, शर्लीची.

"जनावरं काढायला वेळ मिळतो," नॅथॅनिएल हळूच म्हणाला. "आईच्या मातीला यायला नाही मिळाला."

"पूर होता रे तिकडे. रस्ते बंद होते."

"पूर!" नॅथॅनिएलने चष्मा खाली ओढला. "लोकांना पूर बरोब्बर त्याच दिवशी येतात."

नॅथॅनिएल शर्लीचा थोरला भाऊ. मुंबईहून आला तेव्हा सियोन पहिला महिनाभर त्याच्याच खोलीत राहिला होता. शर्लीला मूठमाती देताना त्यानेच सियोनचा दंड धरून ठेवला होता. त्याच्याशी वाद कसा घालायचा?

शर्ली गेली ती गेल्या फेब्रुवारीत, दोन दिवसांच्या आजारात. त्यांच्या ज्यू रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी दफन झालं. ऑर्लीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "डॅडी, रोड नाहीये. मी ट्राय करते." मग दोन दिवस फोनच लागला नाही. लागला तेव्हा सगळं उरकलं होतं. आता येऊन काय, असं दोघांनाही वाटलं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

त्याआधी दर रविवारचा फोन शर्लीचा असायचा. "आज काय दिसलं गं?" असं विचारून ती खुर्चीत नीट बसायची आणि तिथल्या पाखरा-जनावरांची खबरबात अशी घ्यायची, जशी माहेरच्या माणसांची घेतात. काकाकुव्याच्या पिल्लाला पंख फुटले का, कुंपणाखालून येणारा वॉम्बॅट लंगडत होता तो बरा झाला का. शेवटी फोन सियोनकडे यायचा. "तब्येत ठीक? पैसेबिसे आहेत ना? बरं," की संपलं. शर्ली गेल्यावरच्या पहिल्या रविवारी फोन वाजला आणि तो उचलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. दुसरं काही सुचेना तेव्हा सियोनने विचारलं, "आज काय दिसलं?" पलीकडून आधी नुसतं रडू ऐकू आलं, मग वॉम्बॅटची हकीकत.

असं वर्ष गेलं. कबरीवर दगड बसवायची वेळ आली आणि लंडनला प्रदर्शनही ठरलं. ऑर्लीने दोन्हीसाठी एकच तिकीट काढलं.

रविवारी सकाळी साउथहॅम्प्टनच्या दफनभूमीत वारा सुटला होता. बंदरावरून आलेला खारट वास होता त्याला. मोजकीच माणसं आली होती. दगडावरचं कापड ऑर्लीने काढलं. इंग्रजी आणि हिब्रू अक्षरांखाली सियोनने मराठीत 'शर्ली' एवढं कोरून घेतलं होतं. नॅथॅनिएलने प्रार्थना म्हटली. एकेकाने दगडावर खडा ठेवला. ऑर्ली वाकली ती उठलीच नाही, हिरवळीवर तळहात टेकून बसून राहिली. नॅथॅनिएल तिच्या डोक्याशी उभा होता. त्याचा हात एकदा पुढे आला, पुन्हा कोटाच्या खिशात गेला.

"लंडनला परत जायचंय," तो सियोनला म्हणाला. "ट्रॅफिक लागेल." आणि गाडीकडे निघाला.

घरी सियोनने नारळाच्या दुधातलं बांगड्याचं कालवण केलं होतं. ऑर्लीने बोटं चाटून खाल्लं.

"मम्मीच्यासारखा झालाय."

"झालंय. कालवण ते."

"झालंय," ती हसली. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "डॅडी, उद्या फ्री आहात? एक स्टुडिओ मिळालाय. कॉलेजमधल्या फ्रेंडचा. मला एक प्रिंट काढायचाय. तुमची हेल्प लागेल."

"मला काय येतंय त्यातलं?"

"व्हील फिरवायचं. ते तुम्हाला येतंच."

स्टुडिओ गोदीजवळच्या एका जुन्या शाळेत होता. ऑर्लीने पिशवीतून आपले दोन स्वेटर काढले. त्यांच्या घडीत दोन तांब्याचे पत्रे होते. एकावर रंग, दुसऱ्यावर काळ्या रेषा. तिने शाई चोळली, जाळीदार कापडाने पुसली, मग हाताच्या तळव्याने पुन्हा पुसली. सियोन पाहत राहिला. बोटं काळी होत होती आणि ती एक शब्द बोलत नव्हती. लहानपणी गृहपाठ करताना अशीच जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायची.

"ही प्लेट मी तेव्हाच केली," ती मान वर न करता म्हणाली. "मम्मी गेली त्या वीकमध्ये. पण प्रिंट नाही काढला. तिथे जमलंच नाही. प्रेससमोर उभी राहायची आणि परत जायची."

पत्र्यावर उलटं चित्र असतं, त्यामुळे सियोनला फारसं काही कळलं नाही. तिने रंगाचा पत्रा प्रेसवर मांडला, ओलसर कागद अलगद त्यावर सोडला, वर जाड लोकरी कांबळी अंथरली. प्रेसच्या बाजूला मोठं चाक होतं. बसच्या स्टिअरिंगहूनही मोठं, दांडे असलेलं.

"हळू फिरवायचं. सेम स्पीड. मध्ये थांबायचं नाही, नाहीतर कागदावर लाइन येते."

"तीस वर्षं पॅसेंजर उभे असताना बस चालवलीय मी," सियोन म्हणाला आणि चाक धरलं.

रंग उतरला. एक मळकट पिवळा, एक राखाडी, नुसते डाग. मग तिने काळ्या रेषांचा पत्रा बरोबर त्याच जागी बसवला, तोच कागद पुन्हा ठेवला, पुन्हा कांबळी. सियोनने चाक फिरवायला घेतलं. प्रेसचा रूळ जड होता, पण एकदा लय सापडल्यावर तो निमूट फिरू लागला. ऑर्ली पलीकडच्या बाजूला वाकून कागद येताना पाहत होती. तिचं तोंड दिसत नव्हतं.

"डॅडी, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तिथे राहायला."

सियोनचे हात थांबले.

क्षणभरच. लगेच त्याने चाक पुढे ढकललं, कागद पलीकडे गेला. पण दोघांनाही कळलं होतं.

"सॉरी," ऑर्ली म्हणाली. "मीच बोलले मध्ये."

तिने कांबळी उलटली आणि कागदाचं टोक धरून तो सोलावा तसा वर उचलला. सियोन तिच्या खांद्यावरून पाहू लागला.

पाणी होतं. सगळीकडे गढूळ, पसरलेलं पाणी. अलीकडच्या काठाकडून एक डांबरी रस्ता उतारावरून येत होता आणि सरळ पाण्यात शिरत होता. पलीकडे तो कुठेच वर येत नव्हता. कुंपणाचा एकच खांब पाण्याबाहेर होता आणि त्यावर राखाडी बगळा बसला होता, मान आत ओढून. माणूस कुठेच नव्हता. काठावर मात्र, अगदी खालच्या कोपऱ्यात, गवतात टेकवलेली एक सूटकेस होती.

"इथपर्यंत आले होते," ऑर्ली म्हणाली. "दोन दिवस. सकाळी यायची, अंधार पडल्यावर परत. पाणी उतरेल म्हणून. हा बगळा पण तिथेच होता. मला दुसरं काय करायचं कळत नव्हतं, म्हणून त्याला काढला."

सियोनने खिशातला रुमाल काढला, पण तो तसाच हातात राहिला. दोन दिवस. फोन लागत नव्हता ते दोन दिवस. तो इथे लोकांचे हात हातात घेत सांगत होता, की तिला जमलं नाही. जमलं नाही म्हणजे काय, ते त्याला आत्ता दिसत होतं.

पाण्याच्या मधोमध एक बारीक आडवी रेघ उमटली होती. चाक थांबलं तिथली.

"हे फुकट गेलं," ऑर्ली म्हणाली. "दुसरा काढू."

"काढ. पण हे मला दे."

"डॅडी, खराब झालाय हा."

"असू दे. हेच दे."

दुसरा कागद स्वच्छ उतरला. या वेळी कुणी बोललं नाही. शाई धुताना सियोननेच विषय काढला. "ऑर्ली, शर्लीच्या शेजारची जागा माझी आहे. दोघांची एकदमच घेतली होती आम्ही. आता मी लांब जाऊन कसं चालेल?"

"आय नो," ती म्हणाली. "तरी विचारायचं होतं."

घरी आल्यावर कागद दाबून ठेवायला तिला फळ्या हव्या होत्या. सियोन चहा टाकत होता तेवढ्यात ती गॅरेजमध्ये गेली. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर दिवा लागला होता.

गॅरेजमध्ये गाडी नव्हती. जुने टायर, रंगाचे डबे, शर्लीची मोडकी शिलाई मशीन, काहीच नव्हतं. भिंती पांढऱ्या रंगवल्या होत्या. बागेकडच्या बाजूला नवी खिडकी पाडली होती. खिडकीखाली लांब टेबल, वर दोन ट्यूबलाइट, कोपऱ्यात धुण्याचं बेसिन. मधली जमीन मोकळी होती, एखादं जड यंत्र बसेल एवढी.

ऑर्ली बराच वेळ तिथेच उभी होती. सियोन दारात आला. हातात दुधाची बाटली होती.

"गाडी कुठेय?"

"विकली. आता डोळे कुठे चालतात? बसचा पास आहेच."

"आणि हे सगळं?"

"रिकामं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, स्वच्छ करून ठेवावं."

तिने टेबलावरून हात फिरवला. खिडकीजवळ जाऊन बाहेर पाहिलं. "उजेड चांगला आहे," ती म्हणाली. "नॉर्थ लाइट. प्रिंटच्या कामाला बेस्ट." आणि भिंतीकडे तोंड करून फळ्या शोधू लागली, तिथे फळ्या नव्हत्या तरी. सियोन आत गेला. चहा उतू गेला होता.

जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच ईलिंगला जाऊन आली. स्वच्छ उतरलेला कागद तिने नॅथॅनिएलमामाला नेऊन दिला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि सियोनने विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी हीथ्रोला सोडायला नॅथॅनिएल आपली गाडी घेऊन साउथहॅम्प्टनपर्यंत आला, आणि तिची बॅग त्याने सियोनला उचलू दिली नाही. निरोपाच्या वेळी तो तिचं डोकं छातीशी धरून पुटपुटला, "पाणी बघ, पाणी बघून निघत जा."

निघण्यापूर्वी ऑर्लीने जेवणाच्या टेबलावर सियोनचा कागद टिपकागदांमध्ये ठेवून दिला होता. वर कपाटाची फळी, तिच्यावर शर्लीने मुंबईहून आणलेला पाटा. "टिपकागद रोज बदलायचे, डॅडी. ओला असला तर वाकडा होतो. वाळला की सांगा, मी फ्रेमचं बघते."

सियोन रोज सकाळी पाटा उतरवायचा, फळी काढायचा, दमट टिपकागद काढून कोरडे घालायचा. दमट झालेले खिडकीत वाळत टाकायचा. दिवसागणिक त्यांचा दमटपणा कमी होत गेला. मग एका सकाळी काढलेला टिपकागद घातला तेव्हा होता तसाच कोरडा निघाला.

रविवारी फोन आला. काकाकुव्यांचं झालं, वॉम्बॅटचं झालं. मग तिने विचारलं, "कागद वाळला का, डॅडी?"

सियोनने टेबलाकडे पाहिलं.

"नाही गं अजून," तो म्हणाला. "इथली हवा तुला माहितीय ना. पुढच्या रविवारपर्यंत बघू."

फोन ठेवून तो उठला. वरचा कागद बाजूला करून त्याने चित्रावर तळहात ठेवला. रेषा बोटांना लागत होत्या. रस्ता, पाणी, खांब. कागद खडखडीत कोरडा होता. त्याने नवे टिपकागद घातले, कडा जुळवल्या, फळी ठेवली आणि दोन्ही हातांनी पाटा उचलून सावकाश वर मांडला.