मिरचीचा डाग

मी एक जुना एपिडायस्कोप आहो, मित्रांनो. नाव अवघड, काम सोपं. पुस्तकाचं पान नाहीतर एखादी वस्तू माझ्या पोटात ठेवा, दिवा लावा, मी ती भिंतीवर मोठी करून दाखवतो.

सत्तर सालाच्या आसपास सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजात मी आलो. केमिस्ट्रीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सेमिनार व्हायचा. परदेशी मासिकातलं ताजं संशोधन पोरं वाचायची अन् सगळ्यांपुढे सांगायची. सांगायची कसली! पाठ करून फडाफडा ओकायची. मी तापून तापून दाखवून राहिलो, अन् समजून कोणीच नाही घेत! मले असा राग यायचा!

मग भिवापूरच्या शामलाची पाळी आली. सेमिनार घेणाऱ्या देवतळे सरांनी तिले आधीच बजावलं होतं, "रिसर्चची जागा एकच आहे. सेमिनार जमला तर थांब, नाहीतर गावाले जा."

तिच्या वाट्याचा संशोधनाचा पेपर मिरचीच्या तिखटपणावर होता. तिनंही पाठच केला होता. मधातच अडली. वेळ काढाले तिनं दाखवाले आणलेली घरची सुकी मिरची माझ्या पोटात ठेवली अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

माझा दिवा म्हणजे चूलच. हे कोणाच्या ध्यानातच नाही. भिंतीवरची लाल मिरची काळी पडली. धूर निघाला. सारा हॉल खोकाले लागला.

"काहून वं शामला, फोडणी देऊन राहिली का?" मागच्या बाकावरून रुपराव ओरडला.

"दिवा बंद करा! खिडक्या उघडा!" सर खोकतच म्हणाले. मग डोळे पुसत, "आता सांग, हा ठसका काहून आला?"

भिंत कोरी. शामलानं खडू उचलला.

"सर, मिरचीतला तिखट रेणू तापला, हवेत उडाला अन् आपल्या गळ्यात बसला." तिनं फळ्यावर रेणू काढला, त्याले लांब शेपटी काढली. "ही शेपटी लहान केली का तिखट कमी लागते. हा पेपर लिहिणाऱ्यांनी हेच करून पाहिलं जी." मग हळूच म्हणाली, "मले आत्ता समजलं."

सरांनी तिले ठेवून घेतलं. माझ्या काचेवर मात्र काळा डाग पडला.

पुढं नवा प्रोजेक्टर आला अन् मी स्टोअरमध्ये. टाळ्या ऐकू आल्या का समजते, आज शनिवार. एकदा शामला आली, मॅडम होऊन. माझ्यावरचं कापड काढलं, डागाच्या काचेजवळ नाक नेलं अन् शिंकली. हसली. तेवढ्यात कोणी हाक मारली. गेली. कापड खालीच राहिलं.

मित्रांनो, दुसऱ्याचं संशोधन सांगाल तर दिवा बंद झाल्यावरही सांगता आलं पाहिजे. अन् इकडे आले तर माझ्यावरची धूळ पुसा. डाग नका पुसू. शामला मले भेटाले आली अन् शिंकली, ते त्या डागापायीच.