एक वीत आत

दर रविवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर करतो. गिऱ्हाईकाला यायचंच असेल तर त्यानं वाकून यावं, आमच्या गप्पांत व्यत्यय नको. माझा धंदा चष्म्यांचा, आणि गप्पा एका आंधळ्याच्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी फुटबॉलच्या फायनलमध्ये ज्या रेफरीनं माझा गोल दिला नाही, त्याच्या.

गप्पांना दोघंजण नेमानं येतात. एक पोस्टमन, ज्याच्या पासवर मी तो गोल मारला. दुसरे माझे भाऊजी, जे त्या दिवशी समोरच्या संघाचे गोलकीपर होते. मैदानात मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो होतो, आणि दोनच वर्षांत माझ्या बहिणीनं नेमकं त्यांच्याशीच लग्न ठरवलं. तेव्हापासून अहोजाहो करतो. इलाज काय?

गोष्ट पाठ झालेली आहे. पोस्टमननं उजवीकडून उंच पास टाकला. ‘थेट याच्या पायावर,’ असं तो म्हणणारच. मी मारला. बॉल रेषेच्या आत गेला, भाऊजींनी झडप घालून तो बाहेर ओढला, आणि रेफरीनं हात लांब करून खेळ पुढे चालू ठेवला. दोन मिनिटांत समोरच्या संघानं गोल केला आणि विजेत्याची ढाल तिकडे गेली. इथपर्यंत आलं की आम्ही दोघं रेफरीची खरडपट्टी काढतो आणि भाऊजी चहा ढवळत हसतात. आयुष्यात मी एकच मोठी गोष्ट केली आणि तीही कागदावर नाही, म्हटल्यावर माणूस चिडणार नाही तर काय करेल?

त्या रविवारी एक उंच म्हातारे गृहस्थ शटरखालून वाकून आत आले. “पेपर वाचताना अक्षरं नाचतात हो,” म्हणाले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. माझ्या तक्त्यावर अक्षरं नाहीत, फणीसारख्या तीन दात्यांच्या खुणा आहेत. दाते ज्या बाजूला, ती बाजू हातानं दाखवायची. बाकीचे लोक बोट हलवतात. यांनी खांद्याच्या रेषेत अख्खा हात ताणला, तळवा खाली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत एक चूक नाही.

पोस्टमनचा कप तोंडापाशीच थांबला. तो हात आम्ही स्वप्नातही ओळखला असता.

“काय काम करत होता आपण?” मी शक्य तितक्या गोडीनं विचारलं.

“जमिनीची मोजणी. जन्मभर हद्दीच्या रेषा बघितल्या.”

“आणि सुट्टीच्या दिवशी?”

“रेफरी होतो की!” ते खूश होऊन म्हणाले.

“जन्मभर रेषा बघितल्या,” पोस्टमन ओरडला, “आणि आमचीच तेवढी दिसली नाही?”

मग जे झालं त्याला भांडण म्हणावं की वाढदिवस, मला कळेना. पोस्टमननं स्टुलाचा गोल केला आणि लेन्स पुसायचं फडकं रेषा म्हणून अंथरलं. मी चष्म्याची डबी बॉल म्हणून ठेवली. म्हातारबुवा तपासणीची जड चौकट नाकावर तशीच ठेवून सगळं शांतपणे बघत होते.

“दिसली नाही, हे खरं आहे,” ते म्हणाले. “माझ्या शिट्टीची दोरी तुटली. मी ती उचलायला वाकलो आणि मैदान ओरडलं. वर बघतो तर बॉल गोलकीपरच्या हातात, रेषेच्या बाहेर. न पाहिलेला गोल कसा देणार? पण तेव्हापासून मनात सल आहे बघा. तो गोलकीपर भेटला असता तर विचारलं असतं.”

आम्ही दोघांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी चमचा बशीत ठेवला.

“एक वीत आत होता,” ते म्हणाले.

“अहो!” माझा आवाज चिरकला. “अठ्ठावीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत?”

“मला विचारलं कुणी? तुम्ही दोघं रेफरीला शिव्या देण्यात दंग. माझं बरं चाललं होतं.”

म्हातारे खुर्चीतून उठले. ताठ उभे राहिले आणि त्यांनी मैदानाच्या मध्याकडे, म्हणजे माझ्या गल्ल्याकडे, हात केला. “गोल!” पोस्टमननं मला मिठी मारली. माझे डोळे भरून आले. लाज कसली? मी रडलोच.

“आता खरं बोलायचं ठरलंच आहे तर,” भाऊजी हळूच म्हणाले, “तो पास याच्या छातीच्या उंचीवर आला होता. पायावर पडला कसा?”

म्हाताऱ्यांनी चौकटीतून माझ्याकडे पाहिलं. “तुम्हालाही कुणी विचारलं नसेल,” ते म्हणाले. “म्हणून मी विचारतो. हात लागला होता?”

नाही म्हणणं सोपं होतं. कुणीच पाहिलं नव्हतं. गोल हातात आला होता, ओंजळ नुसती मिटायची होती. पण समोर एक माणूस स्वतःची चूक कबूल करून बसला होता, दुसऱ्यानं आत्ताच ढालीवर पाणी सोडलं होतं, आणि मला त्या दोघांचा हेवा वाटला.

“कोपराला,” मी म्हणालो. “चांगलाच लागला होता.”

म्हाताऱ्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की काउंटरवरच्या काचा थरथरल्या. “गोल रद्द!”

“म्हणजे यांचा निर्णय बरोबर होता?” पोस्टमननं कपाळावर हात मारला. “तोही न बघता?”

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसत सुटलो. गोल गेला होता, आणि इतकं मोकळं मला तो मारल्यावरही वाटलं नव्हतं.

म्हाताऱ्यांना मी जवळचा नंबर लिहून दिला आणि चष्मा न्यायला पुढच्या रविवारी दहाला या म्हणालो. ते शटरखालून वाकले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, “यांच्या संघाचा नंतरचा गोल आठवतो ना? तो मात्र ऑफसाइड होता, असं मला अजून वाटतं.”

भाऊजींचं हसू थांबलं. मी धावत जाऊन शटर पूर्ण वर केलं आणि म्हाताऱ्यांना हाताला धरून परत आत आणलं.