कुठले पत्ते जातील?

अभ्यासक्रमात घ्यायची सहा अॅनिमेशनं तपासायला आली, तेव्हा बाईंनी हौसेने होकार दिला होता. अल्गोरिदम, म्हणजे संगणकाची पायरीपायरीने काम करायची रीत, पडद्यावर हलती करून दाखवणारी ती अॅनिमेशनं. पाच तपासून हातावेगळी केली. सहाव्यावर कर्त्याचं नाव वाचलं आणि बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. ते त्यांच्या सरांचं होतं. बाईंना हा विषय शिकवला, पुढे नोकरीसाठी शब्द टाकला, तेच सर.

दिसायला ते सगळ्यांत देखणं. क्रमाने पालथे मांडलेले सोळा पत्ते, त्यांतून एक आकडा शोधायचा. बटण दाबलं की अर्धे पत्ते साबणाच्या फुग्यांसारखे फुटायचे, मग उरलेल्यांतले अर्धे, शेवटी एकच पत्ता झळाळत राहायचा. वर संगीत. बाईंनी दहादा पाहिलं. काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते हाती लागेना.

शनिवारी आत्याच्या शिवणाच्या दुकानात कोट आणायला गेल्या, तेव्हा लॅपटॉप सोबतच होता.

"आत्या, हे जरा बघ ना."

आत्याने सुई टोचून ठेवली, चष्मा नीट केला आणि शेवटपर्यंत पाहिलं. "छान आहे गं! सापडला की आकडा."

बाईंनी दुसरा आकडा देऊन पुन्हा लावलं आणि पत्ते फुटण्याआधी थांबवलं. "सांग, आता कुठले अर्धे जातील?"

"डावीकडचे."

उजवीकडचे गेले.

"मग मला कसं कळणार?" आत्या वैतागली. "कशावरून ठरवतो, ते दाखवतच नाही मेला!"

बाईंनी कपाळावर हात मारला. मधला पत्ता शोधायच्या आकड्याशी ताडून बघायचा, सगळी मेख त्यातच. नेमकं तेच फुग्यांच्या धांदलीत गडप झालं होतं.

अभिप्राय त्यांनी तीनदा खोडून लिहिला. "देखणं आहे, पण शिकवत नाही. निर्णय कसा होतो, ते दिसत नाही." पाठवला, आणि दोन दिवस फोन वाजला तरी त्या दचकत होत्या.

मंगळवारी दुपारी सरच दारात उभे राहिले.

"वाचलं."

"सर, मी..."

"बस गं. दोन महिने जो तो वा वा करतोय. वर्गात लावलं की पोरं टाळ्या वाजवतात आणि प्रश्न विचारला की छताकडे बघतात. म्हटलं, आपल्याला आता शिकवणं जमेनासं झालं. राजीनामा लिहून ठेवला होता."

"राजीनामा?"

"सकाळी फाडला. हा दोष दुरुस्त होणारा निघाला!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. हसल्याच. मग दोघं कामाला बसले. आता मधला पत्ता वर उचलला जाई, शोधायचा आकडा त्याच्या शेजारी येई आणि पडदा थांबून राही.

"संगीत राहू दे ना."

"नाही, सर."

"थोडंसं?"

"आकडा सापडल्यावर."

"कडक परीक्षक आहेस हं."

गुरुवारी सरांनी ते वर्गात लावलं. बाई शेवटच्या बाकावर होत्या. मधला पत्ता उचलला गेला.

"उजवे जाणार!" कोणीतरी ओरडलं.

"छे! आपला आकडा मोठा आहे ना? मग डावे जाणार!" पुढच्या बाकावरची मुलगी उठूनच उभी राहिली.

वर्गात एकच गलका झाला. सर बटण दाबायचंच विसरले. बाईंनी कितीतरी दिवसांनी सैलावून पाठ टेकली.